मला थायरॉइड आहे, बीपी आहे, शुगर आहे

(मेडिकलच्या काउंटरमागे उभी. मागे गोळ्यांचे रॅक, शटर अर्धं वर.)

नमस्कार. दुकान उघडायला अजून वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात हा व्हिडिओ उरकते. मध्येच कुणी शटरखालून वाकून गोळी मागितली तर सांभाळून घ्या.

परवा एक काकू आल्या. म्हणाल्या, "अगं, मला थायरॉइड आहे, बीपी आहे आणि शुगरपण आहे." मी म्हटलं, "काकू, मलाही आहे. तिन्ही आहे." तर त्या हळहळल्या, "अगं बाई! एवढ्या लहान वयात?"

थट्टा केली खरी, पण बोलले ते खोटं नव्हतं. थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती आपल्या सगळ्यांना जन्मापासून असते. बीपी म्हणजे रक्तदाब, तो नसेल तर माणूसच नाही. आणि रक्तात साखर नसेल तर मेंदू चालायचा कशावर? आपल्याला वाटतं आपण आजाराचं नाव सांगतोय. सांगतो मात्र अवयवाचं किंवा मापाचं. आजार असतो त्याच्या पुढच्या शब्दात, वाढलंय की घटलंय. आणि दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत नेमका तोच शब्द रिक्षात राहतो.

तो शब्द बहुतेक वेळा हायपर नाहीतर हायपो असतो. दोन्ही मूळचे ग्रीक. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली. कानाला जुळी भावंडं आणि स्वभाव एकदम उलटा. मी लक्षात ठेवायला एक युक्ती केलीय: हायपोच्या शेवटी "ओ", ओ म्हणजे ओसरलं.

ही नुसती शब्दांची गंमत नाही बरं का. मधुमेह असलेल्या माणसाची साखर 70 च्या खाली गेली तर ते हायपो. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलताना गोंधळ. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं. हायपर असेल तर साखर आधीच जास्त आहे. फोनवर मुलाला "बाबांची शुगर झालीय" एवढंच सांगितलं, तर त्यानं काय समजायचं?

आता थायरॉइडचा रिपोर्ट. यात सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबूया. रिपोर्टवर टीएसएच असतं, समजा ते जास्त आलं. काकू म्हणतात, थायरॉइड वाढला. पण बहुतेक वेळा प्रकार उलटा असतो! टीएसएच थायरॉइड बनवतच नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. पिट्युटरी म्हणजे मुकादम आणि थायरॉइड म्हणजे मजूर. मजूर ढिला पडला की मुकादम जास्त ओरडतो. टीएसएच हा त्या ओरडण्याचा आवाज. आवाज वाढला, कारण काम कमी झालंय. म्हणून टीएसएच जास्त येतं आणि कागदावर आजार लिहिला जातो हायपोथायरॉइडिझम. मग जी गोळी मिळते, थायरॉक्सिन, ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे, नाहीतर ही गोळी नीट शोषली जात नाही. "चहाबरोबरच घेते, विसरायला होत नाही" असं सांगणारे मला आठवड्याला दोन तरी भेटतात.

दुसरा शब्द, हार्ट फेल. आपल्याकडे "हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेला. त्यामुळे कार्डावर हार्ट फेल्युअर वाचून घरात रडारड सुरू होते, आणि पेशंट शेजारच्या खाटेवर बसून पोहे खात असतो. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ हृदयाचा पंप कमी पडतोय. पायावर सूज येते, जिना चढताना दम लागतो. आजार गंभीर आहेच, पण औषधं घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात.

त्याला लागूनच टू-डी इकोचा आकडा येतो, ईएफ 60 टक्के. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं की!" आजोबांना शाळेतले मार्क आठवले. हृदयाचा डावा कप्पा भरला की एका ठोक्यात त्यातलं किती रक्त बाहेर ढकललं जातं, ते म्हणजे ईएफ. निरोगी हृदयसुद्धा कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. साधारण 55 ते 70 हा चांगला आकडा. इथे शंभरपैकी शंभर कुणालाच मिळत नाहीत.

ॲक्यूट या शब्दाच्या बाबतीत तर मराठी भाषांतरच फसवतं. पुस्तकात लिहितात "तीव्र", आणि आपण समजतो भयंकर. ॲक्यूट म्हणजे अचानक, थोड्या दिवसांपूर्वी सुरू झालेलं. साधी सर्दीसुद्धा ॲक्यूट असते. क्रॉनिक म्हणजे जुनाट, मग ते सौम्य का असेना.

(हातात चिठ्ठी धरून)

आता ही चिठ्ठी. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा, याचा तुमच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या टीडीएसशी संबंध नाही. एचएस झोपताना. एसओएस म्हणजे जहाज बुडत नाहीये, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ "गरज पडली तर". आणि ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात की तेच ओडी होतं उजवा डोळा! दोन्ही लॅटिनच. शब्द वेगळे, आद्याक्षरं तीच. म्हणून मी पाकिटावर 1-0-1 असं लिहून देते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

एका औषधाचं नाव मात्र घेतेच. मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी देतात तेव्हा ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. आठवड्यातून! बाकीच्या गोळ्यांसारखं रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. घरात कुणाला चालू असेल तर वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्ठ्या अक्षरात तो वार लिहा. सोमवार तर सोमवार.

डॉक्टरांच्या अक्षराबद्दल काही बोलत नाही, माझं दुकान त्यावरच चालतं. पण 2016 मध्ये त्या वेळच्या मेडिकल कौन्सिलनं नियमच केला होता की औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. तेव्हा "डॉक्टर, हे काय लिहिलंय?" असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. मीसुद्धा फोन करून विचारते.

(शटरखालून आवाज)

आले, काका! एक मिनिट हं. काय म्हणताय? गोळीपुढे एसओएस लिहिलंय, रोज किती घ्यायच्या? काका, आत्ता दुखतंय का? नाही ना? मग आज नका घेऊ.