जमिनीवरचं विमान

'विंग्ज' १९२७ सालचा. पहिल्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ठरलेला हा पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांचा मूकपट आजही डोळे दिपवतो. विमानं खरी, गिरक्या खऱ्या, नटांचे चेहरेही चालत्या विमानात टिपलेले. हा थाट जमला, कारण अमेरिकन लष्करानं टेक्सासमध्ये विमानं, वैमानिक आणि हजारो जवान दिमतीला दिले. आता, लष्कराची विमानं मागून आणली की लष्कराच्या रीतीभातीही आल्याच. हे लष्कर १९४१पर्यंत कृष्णवर्णीयांना वैमानिक करतच नव्हतं. मग पडद्यावर तरी ते कुठून दिसणार? जर्मन वंशाचा एक शिपाई आहे, तो हसण्यापुरता. बिचाऱ्याला देशनिष्ठा पटवायला दंडावर गोंदलेला अमेरिकन झेंडा दाखवत फिरावं लागतं.

दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूनं लढलेला वैमानिक. ज्या अमेरिकन स्वयंसेवकांत तो होता, त्यांच्यातच यूजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय वैमानिकही होता. १९१७ साली दोघंही फ्रान्सच्या हवाई दलात वैमानिक होते. त्याच वर्षी अमेरिकाही युद्धात उतरली होती; बुलार्डनं आपल्या देशाच्या हवाई दलात जायला अर्ज केला, आणि त्याला घेतलं नाही. वेलमन हॉलिवूडला गेला. बुलार्ड उतारवयात न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्ट चालवत होता. 'कृष्णवर्णीय वैमानिक नव्हतेच, तर दाखवायचे कुणाला?' असं कुणी म्हणालं, की मी हे नाव पुढे करतो.

बायकांचं थोडक्यात सांगतो. 'विंग्ज'मध्ये क्लारा बो रुग्णवाहिका चालवते, विमान नाही. १९३३च्या 'ख्रिस्तोफर स्ट्राँग'मध्ये डोरोथी आर्झनर या बाई दिग्दर्शकानं कॅथरीन हेपबर्नला वैमानिक केलं खरं, पण उंचीचा विक्रम करताना तिला मरावंच लागलं.

माझ्या आवडीचा चित्रपट मात्र हॉलिवूडचा नाहीच. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये रिचर्ड नॉर्मन या गोऱ्या निर्मात्यानं १९२६ साली 'द फ्लाइंग एस' काढला. कलाकार सगळे कृष्णवर्णीय, आणि प्रेक्षकही तेच धरलेले. नायक कॅप्टन बिली स्टोक्स युद्धातून परततो आणि रेल्वेतली पगाराची चोरी शोधून काढतो. पैसे बेताचे, त्यामुळे त्यातलं विमान 'उडतं' ते जमिनीवरच! कॅमेऱ्याची करामत लगेच कळते. पण अमेरिकन लष्कराच्या विमानात ज्या माणसाला जागा नव्हती, त्याला या चित्रपटानं वैमानिक कॅप्टन केलं, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. 'विंग्ज'च्या सगळ्या ताफ्याला हे साधलं नाही.

माझी तक्रार आहे ती 'द फ्लाइंग एस'च्या नायिकेबद्दल. तिला विमानातून पळवून नेतात आणि सुटका नायक करतो. त्याच वर्षी, त्याच गावात बेसी कोलमन ही कृष्णवर्णीय वैमानिक आली होती. अमेरिकेत कुणी विमान चालवायला शिकवेना म्हणून तिनं फ्रेंच शिकून फ्रान्स गाठलं आणि १९२१ साली परवाना मिळवला. एका चित्रपटात तिला फाटके कपडे घालून, पाठीवर गाठोडं घेऊन यायला सांगितलं, तेव्हा ती सरळ निघून गेली. आपल्या आयुष्यावर चित्रपट काढावा म्हणून तिनं नॉर्मनशी पत्रव्यवहारही केला होता. ३० एप्रिल १९२६ला जॅक्सनव्हिलमध्येच सरावाच्या वेळी ती विमानातून फेकली जाऊन मरण पावली, आणि तो चित्रपट निघालाच नाही.