पुढचं पुस्तक कोणतं देऊ?

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. आज 12 ऑगस्ट, ग्रंथपाल दिन, म्हणून मला इथे माइकसमोर उभं केलंय, नाहीतर माझं काम देवघेवीच्या काउंटरमागे बसून तारखेचे शिक्के मारायचं. हा दिवस डॉ. रंगनाथन यांच्या नावाने पाळतात. ते मद्रासला आधी गणित शिकवायचे, 1924 मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांचे ते ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपात आले, जे आम्हा लोकांना परीक्षेसाठी पाठ करायला लागतात. त्यातला दुसरा नियम असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. वाचायला सोपा वाटतो. पण संध्याकाळी सहा वाजता काउंटरसमोर चारजण उभे असतात, एकाला घरी जायची घाई आणि तो म्हणतो, ताई काहीतरी चांगलं द्या ना पटकन, तेव्हा त्या नियमाचं काय करायचं, हे माझ्या आजच्या बोलण्याचा विषय.

चांगलं द्या म्हटल्यावर बहुतेक लोक काय करतात, तर आपल्याला आवडलेलं देतात. घरीदारी पण तेच. कुणी विचारलं की आपण लगेच सुरू, अरे तू अमुक वाचलं नाहीस? मग समोरचा ओशाळतो, हो हो वाचतो म्हणतो आणि वाचत नाही. व्हॉट्सॲपवर त्या याद्या फिरत असतात, आयुष्यात वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं, सगळेजण सेव्ह करून ठेवतात. पण ती यादी मोबाईलमधून काढून माझ्या काउंटरवर ठेवलेला आणि एकेक पुस्तक वाचत सुटलेला माणूस मी तरी अजून बघितलेला नाही. यादीत पुस्तकं असतात, वाचणारा कुठेच नसतो. म्हणून मी आधी पुस्तकाचं नावच काढत नाही, माणसालाच विचारते, की शेवटचं आवडलेलं कुठलं, आणि त्यातलं नेमकं काय डोक्यात राहिलंय.

आता उदाहरण घेऊ. दहातले कितीतरी लोक सांगतात, मृत्युंजय. शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी, 1967 ची, आमच्याकडच्या तिच्या प्रतींची बाइंडिंगं सारखी करायला टाकावी लागतात. मृत्युंजय आवडलं म्हटलं की लोक सरळ स्वामी, छावा, ययाती, पानिपत अशी ओळच्या ओळ सांगतात, जाडजूड आणि पौराणिक-ऐतिहासिक म्हणजे झालं. पण मृत्युंजय आवडणारे सगळे एकसारखे नसतात हो. मी विचारते, त्यातलं काय आवडलं? एक काका म्हणाले, अहो महाभारतातल्या त्या सगळ्या भानगडी, कोण कुणाला काय म्हणाला, कुणाचं किती चुकलं. त्यांना मी इरावती कर्व्यांचं युगांत दिलं. गंमत बघा, तेही 1967 चंच. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजातल्या, त्यांनी महाभारतातली माणसं घेतली आणि एकेकाला देवपणाच्या वस्त्रातून बाहेर काढून तपासलं. कर्णावरच्या प्रकरणाचं नाव आहे मी कोण? आणि त्या त्याची बाजू बिलकुल घेत नाहीत. काकांना फार आवडलं, आठ दिवसांत परत आणून वाद घालायला लागले माझ्याशी, मागे शिक्क्यांची रांग वाढत होती.

पण हेच युगांत मी दुसऱ्या एका मुलाला देणार नव्हते. त्यालाही मृत्युंजयच आवडलेलं. पण तो सांगत होता की कर्णाला सगळ्यांनी डावललं ना, अंगात सगळं असून सूतपुत्र सूतपुत्र म्हणून हिणवलं, ते वाचून झोप लागली नाही. म्हणजे त्याला महाभारत नको होतं, त्याला डावललेला मुलगा हवा होता. त्याच्या हातात युगांत दिलं असतं तर कर्णाची ती चिरफाड बघून त्याने पुस्तक भिंतीवर फेकलं असतं. त्याला मी दिली आनंद यादवांची झोंबी. 1987 ची, कागलकडच्या एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट, लेखकाची स्वतःचीच, त्याला शिकायचंय आणि बाप म्हणतो शेतात राब. बापाशी, गरिबीशी, सगळ्यांशी झोंबी. भाषा कोल्हापूरकडची, पहिली वीसेक पानं अडखळायला होतं, ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे अडखळल्यावर आपलंच काहीतरी कमी आहे असं वाचणाऱ्याला वाटत नाही. प्रस्तावना पु. लं.ची आहे, ती शेवटी वाच असंही सांगितलं. त्याने नंतर येऊन विचारलं, असलं अजून आहे का. असलं अजून म्हणजे आता बलुतं, उचल्या, अशीच डावललेल्यांची आत्मकथनं, पुढची वाट त्याची त्यालाच सापडली.

आणि तिसरी एक बाई होती, तिला मृत्युंजयमध्ये आवडलं होतं की कर्ण बोलतो, मग कुंती बोलते, मग दुर्योधन, वृषाली, शोण, आणि शेवटी कृष्ण, एकच गोष्ट पण सांगणारा बदलतो. तिला मी आधी कथा देत गेले, एकाच माणसाकडे दोन बाजूंनी बघणाऱ्या, मग हळूहळू कादंबऱ्यांकडे. सांगायचा मुद्दा, पुस्तक एक पण त्यातून बाहेर पडायची दारं तीन, कुठल्या दारातून माणूस बाहेर आलाय ते बघितल्याशिवाय पुढचं घर कसं सांगणार?

दुसरा प्रश्न मी विचारते तो अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा. याचं उत्तर लोक लाजत देतात, कोसला सोडलं ना ताई. अहो सोडू दे की! कोसला 1963 मध्ये आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात कॉलेजला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं ते वगैरे आणि उदाहरणार्थ. कुणाला ते पंधरा पानांत पकडतं, कुणाला अजिबात नाही. सोडलेल्या पुस्तकात मला खूप कळतं. काही होत नाही हो त्यात असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला घटना हव्यात, मग त्याला रणांगण देता येतं. विश्राम बेडेकरांची, 1939 ची, महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, बोटीवर जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू लोक, त्यात हेर्टा नावाची मुलगी आणि आपला चक्रधर. पातळ पुस्तक आहे, एका रविवारात होतं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात काम सुचत नाही. तेच कुणी म्हणालं की कोसलाची भाषा आवडली पण माणूस चिडचिडा वाटला, तर त्याला बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 ची. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, बस. कारभारी आहे, आनंदा रामोशी आहे, वाक्यं इतकी छोटी की न वाचणारा माणूससुद्धा घसरत घसरत शेवटापर्यंत जातो. नव्याने वाचायला लागणाऱ्यांना माझी सगळ्यात जास्त वेळा दिलेली कादंबरी हीच असेल.

हसवणारं द्या म्हणणारे तर रोज. पु. ल. द्यायचे, प्रश्न मिटला असं वाटतं ना? पण थांबा जरा. व्यक्ती आणि वल्ली घेऊन गेलेला माणूस त्यातला नंदा प्रधान वाचून परत येतो तेव्हा तो हसत नसतो. अंतू बर्वा तरी काय, वरवर टोमणे आणि आत सगळं ओलं. ज्याला खरंच डोकं बाजूला ठेवून हसायचंय, दवाखान्यात रात्र काढायची आहे पेशंटजवळ, त्याला मी चिं. वि. जोशी देते. चिमणराव आणि गुंड्याभाऊ. कुठलंही पान उघडा, कुठेही मिटा, नर्स आली तर बाजूला ठेवता येतं.

हे दवाखान्याचं मी उगाच नाही म्हटलं. पुस्तक कुठे वाचणार हे विचारलंच पाहिजे. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला एका हातात मावेल असं लागतं, पानिपत घेऊन दादर गाठून दाखवा. झोपताना वाचणाऱ्याला छोटी प्रकरणं बरी. दुपारी भांडी झाल्यावर तासभर मिळतो म्हणणाऱ्या एका मावशींना मी स्मृतिचित्रे दिलं, लक्ष्मीबाई टिळकांचं, पहिला भाग 1934 चा, फारसं शाळेचं शिक्षण नसलेल्या बाईने लिहिलेलं. वडिलांचं ते सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं धर्मांतर, सगळं इतकं सरळ सांगितलंय की कुणी शेजारी बसून बोलतंय असं वाटतं. मावशी म्हणाल्या, ही बाई माझ्या चाळीत असायला हवी होती. एवढी मोठी समीक्षा मी कुठल्या मासिकात वाचली नाही.

आता थोडं पालकांबद्दल, कारण मला माहितेय इथे बरेच बसलेत. मुलगा इंग्लिश मीडियमला, मराठी वाचत नाही, काहीतरी संस्कार होईल असं द्या. आणि बोट श्यामची आईकडे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक, मला स्वतःला अतिशय प्रिय, पण दहा वर्षाच्या पोराला सुट्टीत शिक्षा म्हणून देऊ नका हो. त्याला फास्टर फेणे द्या, भा. रा. भागवतांचा, फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल आणि भानगडी. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आल्यावर तुम्हाला फोन येऊ द्या. पुढचं तो स्वतः वाचेल, अक्षरं लावत लावत का होईना. आणि कॉलेजातल्यांना शाळा, मिलिंद बोकिलांची, 2004 ची. सिनेमा बघितलाय म्हणाले तरी द्या.

मागे कोण हसतंय? हां, नारायण धारप म्हणालात का? द्या की धारप! वेबसीरिज बघून आलेल्या मुलीला भीतीच हवी असेल तर धारप, मतकरींच्या गूढकथा, रहस्य हवं असेल तर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, सगळं द्या. शिरवळकरांची दुनियादारी 1982 ची, 2013 ला सिनेमा आला आणि आमच्याकडे पुन्हा नंबर लागले तिला. ज्या घरात कादंबरी म्हणजे वेळ वाया असं होतं त्या घरातली पोरं तिच्यामुळे काउंटरपर्यंत आली. असली पुस्तकं नाक मुरडत देणाऱ्या माणसाने काउंटरवर बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कमिटीने ऐकलं तर बरं.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते, एका वेळी एकच पुस्तक सांगायचं, फार तर दोन. दोन सांगितली तर एक त्याच्या ओळखीच्या वाटेवरचं आणि एक जरा आडवाटेचं. आडवाटेचं माझं लाडकं म्हणजे गोडसे भटजींचा माझा प्रवास. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक ब्राह्मण, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल म्हणून निघाला आणि 1857 च्या बंडातच सापडला, झाशीला वेढा पडला तेव्हा हा झाशीतच. लेखक नाही, इतिहासकार नाही, आपला जीव आणि गंगेच्या कावडी सांभाळत फिरणारा माणूस. पुस्तक छापून आलं ते 1907 मध्ये. प्रवासवर्णन आवडणारा, इतिहास आवडणारा, थ्रिलर आवडणारा, तिघांनाही चालतं. आणि दिल्यावर गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. वाचलं का, कसं वाटलं, शेवट कळला का, असं मागे लागलात की माणूस पुस्तकाला नाही, तुम्हाला टाळायला लागतो.

आमच्याकडे जुने सभासद एक करतात. पुस्तक वाचून झालं की एका ठरलेल्या पानावर पेन्सिलीने आपली बारीक खूण करून ठेवतात, कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण, म्हणजे पुन्हा तेच घरी जायला नको. नियमाने हे चूक आहे, पण मी त्या खुणा खोडत नाही. त्रिकोणवाल्या आजींनी काय काय वाचलंय हे मला त्यावरून कळतं आणि नवीन सून सभासद झाली की तिला आजींच्या आवडीचं काय देऊ नये हेसुद्धा.

प्रश्न असतील तर विचारा. हो, बोला काका. वडील पंच्याऐंशीचे, आधी खूप वाचायचे, आता डोळ्यांनी दिसत नाही आणि कुणी वाचून दाखवलं तर चिडतात? चिडणारच, आयुष्यभर स्वतः वाचलेला माणूस आहे. मोबाईलवर ऑडिओबुक लावून बघा, मराठीत आता बरीच आहेत. पण नवीन काही लावू नका, त्यांनी पूर्वी दोनतीनदा वाचलेलं लावा, म्हणजे मधे डोळा लागला तरी धागा सुटत नाही. त्यांना काय आवडायचं? गो. नी. दांडेकर? मग माचीवरला बुधा बघा आधी, राजमाचीवर एकटा राहायला गेलेला म्हातारा, झाडं आणि पाखरं, गडबड काही नाही. ऑडिओत नसेल तर पुस्तक आपल्याकडे आहे, तुम्ही स्वतः वाचून रेकॉर्ड करा आणि त्यांना सांगू नका कुणाचा आवाज आहे ते, ओळखतील तेव्हा ओळखतील. उद्या या, देवघेव साडेसातपर्यंत सुरू असते, अनामतीची पावती तेवढी आणा.