ताटातलं मांस आईच्या पोटात ठरतं

मघाशी मागच्या रांगेतून एक प्रश्न आला. 'डॉक्टर, एकाच वेतातली दोन पिल्लं, दोघांना खुराक एकच, तरी एक भरतं आणि दुसरं खुजंच राहतं. असं का?' याचं उत्तर गोठ्यात सापडत नाही, ते डुकरिणीच्या पोटात आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डुकरीण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज दोन-तीन दिवस टिकतो. पाठीवर तळहाताने जोर द्या. कान ताठ करून ती खांबासारखी उभी राहिली, की वेळ आली समजा. नराच्या लाळेच्या वासाने ती लवकर स्थिर होते, म्हणून तपासताना नर गजांपलीकडे समोर असू द्या. एका माजात साधारण १५ ते २० बीजं सुटतात, तीही माजाच्या उत्तरार्धात. एकदा भरवून थांबू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरवा.

फळल्यापासून विण्यापर्यंत ११४ दिवस. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असं लक्षात ठेवा. या दिवसांतला दुसरा आठवडा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. सेंटिमीटरभराचा गोल गर्भ बाराव्या दिवसाच्या सुमारास ताणला जातो आणि पुढच्या काही दिवसांत त्याचा हात-दोन हात लांब धागा होतो. त्याआधीच हे गर्भ गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत, म्हणजे लांब फाट्यांत, सरकत सरकत आपापली जागा धरतात, आणि ताणले जाताना आईला खूण देतात, की आम्ही आहोत. चारपेक्षा कमी गर्भ असले तर ती खूण बहुधा अपुरी पडते आणि डुकरीण पुन्हा माजावर येते. तुम्ही म्हणता, 'फळलीच नाही.' कित्येकदा ती फळलेली असते, पण त्याच आठवड्यात तिला नव्या कळपात टाकलेलं असतं, मारामाऱ्या झालेल्या असतात, किंवा ती उन्हात तापलेली असते. पहिला महिना तिला हलवू नका.

साधारण ३५ दिवसांनी हाडं धरू लागतात. त्याआधी गर्भ मेला तर शरीर तो शोषून घेतं. नंतर मेला तर तो आतच वाळतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कत्तलखान्यात मी एक गर्भाशय उघडलं. मादी गाभण आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. आत अकरा पिल्लं होती. दहा गुलाबी, खुरांवर मऊ टोप्या असलेली, आणि मध्ये एक काळं, सुकलेलं, बोटाएवढं. तो दिवस मी विसरलेलो नाही. गाभण मादी कापायला पाठवू नका. मी हे हात जोडून सांगतो.

आता प्रश्नाचं उत्तर. मांस म्हणजे स्नायूंचे तंतू. पहिले तंतू साधारण पस्तिसाव्या दिवसापासून तयार होतात, दुसऱ्या फळीचे नव्वदाव्या दिवसापर्यंत. त्यानंतर त्यांची संख्या जवळपास वाढत नाही, जन्मानंतर ते फक्त जाड आणि लांब होतात. शिंगात गर्दी झाली, वार लहान पडली, पोषण कमी मिळालं, की त्या पिल्लाचे तंतू कमी राहतात. पुढे कितीही खाऊ घाला, ते सावकाश वाढतं आणि मांसापेक्षा चरबी जास्त धरतं. मांडीचा तुकडा असा पोटातच मोजला जातो.

मांडी, बरगड्या आणि पाठीचा मऊ भाग एवढाच माल, असं मात्र मानू नका. गोव्यात सोरपोतेल नावाच्या कालवणात काळीज, दिल, गुर्दे, जीभ सगळं बारीक चिरून माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरतं, आणि दोन दिवसांनी अधिक चवदार लागतं. आतडी धुऊन त्यांत मसालेदार मांस भरून चोरिस करतात. चरबी वितळवून तूप निघतं. कातडी आणि खूर उकळून चिकट, दाट रस्सा होतो. एवढं देणारं जनावर दुसरं कुठलं? आपल्याकडे वडार आणि कैकाडी मंडळींनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं आणि त्याबद्दल अपमान सोसला. ते ज्ञान आहे, त्याचा मान ठेवा. एवढंच, की मांस पूर्ण शिजवा, आणि तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर ते टाकून द्या. ती पट्टकृमीची पिल्लं असतात. उघड्यावर शौचाला जाणं थांबलं आणि डुकरं बांधून पाळली, की हा रोग तुटतो.

मग खुजं पिल्लू वाया गेलं का? नाही. डुकराच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लापर्यंत जात नाहीत. ती सगळी चिकात असतात, आणि पहिल्या दिवसानंतर पिल्लाचं आतडं ती आत घेणं बंद करतं. त्यातून या पिल्लांच्या अंगात ऊब देणारी चरबी नसते, म्हणून जागा ३२-३४ अंशांपर्यंत गरम ठेवा. व्यायल्यावर पहिल्या काही तासांत भरदार पिल्लं पोट भरून प्याली, की त्यांना तासभर उबदार टोपलीत ठेवा आणि लहानग्याला पुढच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त असतं. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्या. ते चुकवू नका.