वाजत नसलेली क्लावे

श्रोतेहो, नमस्कार. आज साल्साबद्दल बोलू या. नाचाबद्दल मात्र नाही, कानाबद्दल.

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी फानिया रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली. जुना साल्सा म्हणतात त्यातला मोठा भाग तिथलाच. मूळ क्यूबातल्या 'सोन' या संगीतप्रकाराचं, वाजवणारे बरेचसे प्वेर्तो रिकन घरांतले. ब्राँक्समध्ये वाढलेल्या ट्रॉम्बोनवादक विली कोलोनची पहिली रेकॉर्ड १९६७ मध्ये आली, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. या संगीतात वाढलेल्या माणसाला न वाजणारी गोष्ट ऐकू येते. ती गोष्ट म्हणजे क्लावे, पाच ठोक्यांचा एक ठेका. कित्येक रेकॉर्डमध्ये ती प्रत्यक्ष वाजतच नाही, पण सगळे वाजवतात तिच्याच हिशेबाने.

आता हात मोकळे करा. सारख्या लयीत एक ते आठ दोनदा मोजा. पहिल्या आठात टाळी एक, चार, सातवर. दुसऱ्या आठात तीन आणि पाचवर. ही तीन-दोन क्लावे. दोनची बाजू आधी घेतली की दोन-तीन. सातनंतर पुढच्या तीनपर्यंत चार मात्रा थांबायचं असतं आणि नवख्याचा हात नेमका तिथेच घाई करतो. म्हणून पाय एक, तीन, पाच, सातवर चालू ठेवा आणि आकडे मोठ्याने म्हणा. गाणं लावायची घाई नको.

गाणं लावलं की दुसरी फसगत होते, आणि ती आपल्याकडच्या कानाची जास्त. आपण सम शोधतो ती वजनावर. इथे बेस वाजतो चार आणि सातवर. सातवरचा सूर पुढच्या आठाच्या स्वरमेळातला असतो. तो लांबत एकच्या पुढे जातो, एकवर नवा ठोका पडतच नाही. त्यात काँगा या उंच ढोलाचे खुले बोल सात आणि आठवर. मग सातलाच एक समजून माणूस दोन मात्रा आधी पाऊल टाकतो.

यावर उपाय घंटेचा. गाण्याचा कथाभाग संपून कोरस आणि गायकाची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण सुरू झाली, म्हणजे मोंतुनो आला, की बोंगोवाला बोंगो बाजूला ठेवून हातात काठीने वाजवायची घंटा घेतो. तिच्या रुंद तोंडावरचे जड ठोके एक आणि पाचवर पडतात. तिथून मोजणी धरा. क्लावेची बाजू मात्र घंटा सांगत नाही. त्यासाठी ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या ओळीवर तीन-दोन आणि दोन-तीन अशी दोन्ही बाजूंनी टाळी देऊन पाहा. चुकीच्या बाजूने दिली की टाळी आणि ओळ एकमेकांच्या पायात येतात. वादक याला 'क्रुसादो' म्हणतात, आणि तो कौतुकाचा शब्द नव्हे.

कोलंबियातल्या काली शहरात मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्ड ४५ च्या वेगावर लावून नाचायचे. आवाज चिरका व्हायचा, पण क्लावेचं मोजमाप तेच राहायचं.

लाकडी क्लावे, म्हणजे हा ठेका वाजवायच्या दोन कांड्या, कुणाकडे असतील तर एक गोष्ट. खालची कांडी मुठीत आवळू नका. तळहाताची खोलगट ओंजळ करून ती बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्यावर नुसती टेकवा, दुसरीने मधोमध मारा. आवळली की आवाज बसतो.

आता ऐकू या, रुबेन ब्लादेस आणि विली कोलोन यांच्या १९७८ च्या 'सिएम्ब्रा' या अल्बममधलं 'पेद्रो नावाहा'. सुरुवातीला वाद्यं मोजकीच आहेत. टाळी तिथूनच धरा.