शंख, चक्र आणि 'हा नव्हे'

आधी आपापल्या उजव्या अंगठ्याकडे बघा. उजेडात जरा तिरका धरा. रेषा एका बाजूनं आत येऊन, वळसा घेऊन त्याच बाजूनं बाहेर पडत असतील तर तो शंख. भोवऱ्यासारख्या गरगर फिरत असतील तर चक्र. आणि एकीकडून चढून सरळ पलीकडे उतरत असतील तर कमान. माणसांच्या बोटांवर साधारण ६० ते ६५ टक्के शंख असतात, ३० ते ३५ टक्के चक्रं, आणि कमानी जेमतेम ५ टक्के.

आता समजा, फुटलेल्या काचेवर चक्राचा ठसा मिळाला आणि संशयिताच्या बोटावरही चक्रच आहे. काय सिद्ध झालं? काही नाही. पण त्याच्या दहाही बोटांवर शंख असतील, तर तो ठसा त्याचा नाही हे लगेच सांगता येतं. नक्षी 'हाच तो' असं कधी म्हणत नाही. 'हा नव्हे' एवढंच म्हणते.

मग नक्षीचा एवढा खटाटोप कशाला? साठवलेल्या ढिगातून नेमका ठशांचा कागद सापडावा म्हणून! १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. तिथली युक्ती मला फार आवडते. दहा बोटांना क्रमांक देऊन त्यांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर १६ गुण, पुढे ८, ४, २, १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर, विषम बोटांची खाली, दोन्हींत एक मिळवायचा. वर ३२ शक्यता, खाली ३२, म्हणजे १०२४ कप्पे. हे गणित बसवायला बंगाल पोलिसांतले अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस राबले. पद्धतीला नाव लागलं त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री या साहेबांचं. असो.

गोम अशी, की या कप्प्यांना दहाही बोटं लागतात, आणि चोर मागे ठेवून जातो एखाद्या बोटाचा अर्धामुर्धा, घसरलेला ठसा. तिथे नक्षी सोडून रेषांच्या आत शिरावं लागतं. कुठली रेषा मध्येच संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे नुसता ठिपका आहे, आणि या खुणांमध्ये किती रेषांचं अंतर आहे. ही मांडणी गर्भातच ठरते. हुबेहूब जुळ्या भावंडांचा डीएनए एक असला तरी ठसे वेगळे निघतात, ते याचमुळे.

म्हणजे चूक होणारच नाही? २००४ साली माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटर (स्फोटकं पेटवणाऱ्या छोट्या नळ्या) असलेल्या पिशवीवर एक ठसा मिळाला. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या संगणकानं साठ्यातून त्याच्याशी मिळतेजुळते ठसे काढून दिले, आणि त्यातला एक ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा असल्याचं तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं. एकानं नव्हे, अनेकांनी. वकील दोन आठवडे कोठडीत. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. यात संगणक चुकला असं मी म्हणणार नाही. त्याचं कामच सर्वांत सारखा दिसणारा ठसा शोधणं आहे. साठा जितका मोठा, तितका परका ठसाही जास्त सारखा सापडणार.

२००६ मध्ये संशोधकांनी पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी 'जुळतात' म्हटलेले ठसे पुन्हा दिले, मात्र 'ही माद्रिदची चुकलेली जोडी आहे' असं सांगून. पाचांपैकी चौघांनी मत बदललं. ठसे तेच, डोळेही तेच!

'किती खुणा जुळल्या की पुरे?' असं मला नेहमी विचारतात. इंग्लंडमध्ये पूर्वी १६ लागत. २००१ साली तो आकडाच काढून टाकला. आकड्यापेक्षा मी क्रमाला जास्त मानतो. जागेवरचा ठसा आधी एकटाच वाचायचा, खुणा करायच्या, कागदावर नोंदवायच्या. संशयिताच्या ठशांचं पाकीट त्यानंतर फोडायचं. उलट केलंत, तर धूसर डागातसुद्धा हवा तिथे फाटा दिसायला लागतो.