पिंपात माल आहे, हे कशावरून?

अध्यक्ष महाराज, आणि शनिवारच्या संध्याकाळी घोडबंदर रोडचा ट्रॅफिक झेलून इथवर पोचलेल्या ठाणेकरांनो, आधी तुमच्या चिकाटीला नमस्कार. पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, ‘बदलत्या व्यापारात वाणिज्य आणि तत्त्वज्ञान’. माझं म्हणणं एवढंच, की बी.कॉम.च्या पोरांना ऑडिट शिकवण्याआधी न्यायदर्शन शिकवा, म्हणजे एखादी गोष्ट खरी हे कशावरून, याचा विचार करणारं आपलं जुनं तत्त्वज्ञान. हसा, हसा. आमच्या स्टाफरूममध्येही हसले होते.

आर्टिकलशिपमधली, म्हणजे सी.ए. होतानाच्या उमेदवारीतली गोष्ट सांगतो. ३१ मार्च, वागळे इस्टेटमधलं एक गोडाऊन. स्टोअरकीपर म्हणाला, “साहेब, पिंपं मोजून घ्या, पण झाकण उघडू नका. हवा लागली की माल गेला.” लगोलग चहा आणि भजी. (ऑडिटमध्ये भजी जितकी गरम तितकं बिल जपून पाहावं.) पिंपांचा आकडा रजिस्टरशी तंतोतंत जुळला. आमचे सीनियर संस्कृतात मुरलेले. त्यांनी मागच्या रांगेतल्या झाकणावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं ते बोट स्टोअरकीपरपुढे धरलं. “रजिस्टरप्रमाणे माल परवा आलाय. ही धूळ परवाची?” मग टिचक्या मारत निघाले. पुढची पिंपं बद्द वाजली, मागची ठण्ण! स्टोअरकीपर म्हणतो, “साहेब, भजी गार होतायत.” सीनियर म्हणाले, “होऊ द्या. पर्वतावर धूर दिसलाय.” (न्यायदर्शनातलं ठरलेलं उदाहरण: पर्वतावर धूर दिसला की तिथे आग असणार.)

न्यायदर्शनाची प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायची साधनं, चार: प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं), अनुमान (खुणेवरून ताडलेलं), उपमान (साम्यावरून ओळखलेलं), शब्द (दुसऱ्यानं सांगितलेलं). आता सी.ए. संस्थेची ऑडिटची मानकं काढा. माल मोजताना स्वतः हजर राहा, हे ५०१ मध्ये. आकड्यांच्या परस्परसंबंधावरून ताडा, ते ५२०. बँकेकडून, गिऱ्हाइकांकडून थेट लेखी खातरजमा, ते ५०५. उपमान मात्र मला ओढूनताणूनच बसवावं लागतं. शास्त्रीबुवांनी पोटात घालावं. गंमत शब्दाची आहे. न्यायसूत्र म्हणतं, ‘आप्तोपदेशः शब्दः’. सांगणारा जाणता हवा आणि खरं बोलणारा हवा. ‘सत्यम’ या आयटी कंपनीचा घोटाळा आठवा, जानेवारी २००९. बँकेतल्या हजारो कोटींच्या शिलकीला कागद होते, पण ते कंपनीच्याच हातून आलेले! ऑडिटरांनी खातरजमेची पत्रं कंपनीच्या ताब्यात सोडली, हा ठपका पुढे २०११ मध्ये अमेरिकी नियामकांनी ठेवला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, आता मूळ विषय.

पहिलं, व्हाउचर तपासायला आता सॉफ्टवेअर आहे. आम्ही नमुन्याला थोडी काढायचो, ते सगळी वाचतं. पण पीडीएफ खरी की बनवलेली, पाठवणारा कोण, त्याचा फायदा कशात, हे विचारायची सवय कॉमर्सच्या पाठ्यपुस्तकातून लागत नाही. दुसरं, ॲडम स्मिथ ग्लासगोला नीतितत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. नीतिभावनांवरचा त्याचा ग्रंथ १७५९ चा, अर्थशास्त्रवाला १७७६ चा. क्रम बघा. तिसरं, २०२० च्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला दुय्यम विषयाची जोड आहे. अकाउंटन्सीला तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र जोडता येईल.

यावर उत्तर ठरलेलं: “सर, तत्त्वज्ञानाला मुलं येत नाहीत.” अहो, तर्कशास्त्र आणि कॉस्टिंग एकाच तासाला लावल्यावर येतील कशी? समोर दोन-तीन प्राचार्य बसलेत. साहेब, जूनचं टाइमटेबल करताना तेवढं बघा.