खरी खूण कपाटामागे

श्रोतेहो, नमस्कार. एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आता ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. मुलं त्याला ओजेटी म्हणतात. त्याला चार क्रेडिट. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. पुन्हा सांगते, १२० तास. समाजशास्त्राच्या मुली मला विचारतात, "मॅडम, तंत्रज्ञानाच्या कामात आम्हाला कोण घेणार?"

त्यांना मी एका मुलीची गोष्ट सांगते.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, पाणी घराघरांत शिरलं. पुढच्या सत्रात माझी एक विद्यार्थिनी पुराचा नकाशा करणाऱ्या एका संस्थेत ओजेटीला लागली. घरोघरी जायचं, भिंतीवरची पाण्याची खूण टेपनं मोजायची, मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये आकडा भरायचा.

नाग नदीच्या काठी एका घरात ती समोरच्या खोलीतल्या भिंतीला टेप लावत होती. ओलीची रेघ होती पावणेदोन फुटांवर. आतून काकू आल्या. म्हणाल्या, "अवं पोरी, ह्या भिंतीले त दिवाळीत रंग मारला. खरी खूण पाहाची त आत ये." दोघींनी मिळून लोखंडी कपाट ओढलं. त्याच्यामागं रंग पोचलाच नव्हता. तपकिरी रेघ आणि तिच्याखाली वाळलेल्या गाळाचे पोपडे. मोजली तर चार फूट दोन इंच.

काकू पुढं म्हणाल्या, "मोबाइलवर पुराच्या इशाऱ्याचा मेसेज आला, तेव्हा त खाट तरंगून राह्यली होती."

फॉर्ममध्ये या वाक्याला जागाच नव्हती. मुलीनं ते वहीत उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी नकाशा करणाऱ्या इंजिनिअरपुढं ठेवलं. मेसेज आला तेव्हा पाणी कुठवर होतं, असा नवा रकाना फॉर्ममध्ये आला. आधी झालेल्या घरांत पुन्हा जाऊन कपाटं सरकवली, आकडे बदलले. समाजशास्त्राच्या मुलीचं काम ते हेच.

पुराचा विषय निघालाच आहे तर सांगते, सिमेंटचे रस्ते करताना जुना थर आधी खोदून काढलाच पाहिजे. रस्ता वर आणि घराचा उंबरठा खाली, हे मला मुळीच पटत नाही. पाणी मग जाईल कुठं?

असो. आपल्या नागपुरात १९५८पासून नीरी ही पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, शेजारी कोराडीचं वीज केंद्र आहे. विज्ञान माणसांच्या घरात येऊन कसं वागतं, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही.

क्रेडिटचं मात्र नीट ऐका. आधी कॉलेजातले मार्गदर्शक ठरवा, त्यांच्याकडून संस्थेच्या नावे पत्र घ्या. तास रोजच्या रोज लिहा, तिथल्या प्रमुखांची सही त्याच आठवड्यात घ्या. शेवटी अहवाल. महिना उलटल्यावर आठवून लिहिलेली वही वाचताना लगेच कळते. आणि पत्र आधी, काम नंतर. पुन्हा सांगते, पत्र आधी.